बाबा हो म्हणाले तर

उदबत्त्या अर्ध्याच्या खाली उतरल्या तरी बाबांचं जेवण काही आटपेना.

वेनतुंगने पुन्हा गुडघे टेकले. कौलाचे दोन्ही लाल लाकडी तुकडे ओंजळीत धरून कपाळाला लावले, "बाबा, पोटभर झालं का? ताटं उचलू का?" असं विचारलं आणि तुकडे फरशीवर सोडले. दोन्ही उताणे पडले, सपाट बाजू वर.

"हसतायत," आमा, म्हणजे वेनतुंगची आई, म्हणाली. ती दाराजवळच्या बुटक्या बांबूच्या स्टुलावर हात गुडघ्यांत घेऊन बसली होती. नवऱ्याच्या हसण्याचं तिला जिवंतपणीही फारसं कौतुक नव्हतं.

आमच्या पेइमेन गावात माणूस गेला तरी वर्षातून एकदा त्याच्या तिथीला घरी जेवायला येतो, आणि आला की त्याची घाई करायची नसते. अर्धचंद्रासारख्या त्या दोन तुकड्यांपैकी एक उताणा आणि एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही. दोन्ही उताणे म्हणजे वरचा माणूस हसतोय, तुमचा प्रश्नच चुकलाय. हो मिळेपर्यंत जिवंतांनी जेवणाला हात लावायचा नाही. बाबा स्वतः आपल्या माशाच्या पेजेच्या दुकानात उभ्याउभ्या वाटीभर पेज ओढून कामाला लागणारे. मेल्यावर एवढं निवांत जेवायला ते कुठे शिकले, हे कुणाला कळेना.

वेनतुंगच्या कपाळावर घाम आला होता. तायचुंगच्या बँकेत तो चाळीस माणसांवर साहेब होता, पण या देवघरापुढे गुडघे टेकले की त्याचं वय दहा वर्षांचं होई. मुलगा म्हणून कौल लावायचा मान त्याचा. मागच्या वर्षी तिथीला तो आलाच नव्हता, बायकोला पुढे करून फोनवर हात जोडले होते. बाबा तेच मनात धरून बसलेत असं त्याने मनाशी ठरवून टाकलं आणि कुणालाही न सांगता मनातल्या मनात माफी मागितली. मग तुकडे टाकले. दोन्ही पालथे पडले. नाही.

"माखुळाबरोबर मिरचीचा रस्सा ठेवला नाहीत," आमा म्हणाली. मिरची आली. कौल नाही म्हणाला. तांदळाची दारू कोमट झाली असेल म्हणून बदलली. बाबा हसले. डुकराचं मांस दुकानातून विकत आणलेलं आहे, घरी शिजवलेलं नाही, हे त्यांनी ओळखलं असेल, असं आमा सुनेकडे न बघता म्हणाली आणि ह्वेइरू तिथून उठून स्वयंपाकघरात गेली. तिच्या पाठोपाठ शुआनही गेली.

शुआन ही वेनतुंगच्या थोरल्या बहिणीची, बाओयिंगची मुलगी, म्हणजे आमाची नात. शिंचूला चष्म्याच्या दुकानात काम करते. तिला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट जुळत नसली की ती जुळेपर्यंत तिला चैन पडत नाही. काल दुपारी घरी आल्यापासून तिला आईच जुळत नव्हती.

"मामी, आई डॉक्टरकडे का जात नाही, तुला माहितीये?"

"भीती वाटत असेल. जाड माणसांना वाटतेच."

"आईला? तिने गेल्या महिन्यात मासेवाल्याच्या ट्रकची किल्ली काढून घेतली. शिळा माल दिला म्हणून. तो माणूस नुसता दाराएवढा धिप्पाड आहे."

ह्वेइरूने खांदे उडवले. शुआनने मग आपला तपास सांगितला. बाजाराला जाताना आई दवाखान्याच्या गल्लीतून जात नाही, मासे पाळायच्या तळ्यांच्या बांधावरून लांबचा वळसा घेते. स्कूटरचं पेट्रोल कुठे जातं याचा त्यामुळे उलगडा झाला. आज सकाळी शुआनने भाजीवालीला विचारलं, तर भाजीवाली मनापासून हसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

झालं होतं असं. बाबा गेले त्या साली बाओयिंगला खोकला लागला आणि जाता जाईना. शेवटी ती दवाखान्यात गेली. तिथला वजनकाटा बाहेरच्या खोलीत, माशांच्या काचेच्या पेटीशेजारी होता आणि तिथली नर्स आकडे मोठ्याने वाचायची, कारण आतल्या डॉक्टरला ते पडद्याआडून ऐकू जायला हवे असत. त्या दिवशी खोली भरलेली होती. नर्सने वाचलं. कुणीतरी "आई गं" म्हणालं. डॉक्टरांनी आतूनच सांगितलं की खोकला वजनाचा आहे, रात्रीचं जेवण बंद करा. छातीला नळी लावली नाही, घसा बघितला नाही. संध्याकाळी बाओयिंगच्या दुकानात पेज प्यायला आलेली माणसं तो आकडा एकमेकांना सांगत होती. मी इथे तो सांगणार नाही. गावाने पुरेसा सांगितला आहे.

"खोकल्याचं काय झालं मग?" ह्वेइरूने विचारलं.

"गेला आपोआप. पण तेव्हापासून ती मलमांवर जगतेय. तिच्या कपाटात जा, औषधाचं दुकान आहे."

ह्वेइरूला हे नवीन होतं आणि ऐकून बरं वाटलं नाही. आपण दर खेपेला दारात बूट काढायच्या आधीच "ताई, पुन्हा भरलीस का?" असं विचारतो, हे तिला आठवलं. तिच्या माहेरी ख्यालीखुशाली तशीच विचारत. तिची आई अजूनही तिचा दंड चिमटीत धरून बघते आणि मगच घरात घेते. आज सकाळी तर तिने मनापासून स्तुती केली होती, की ताई, या वेळी उतरलीस बरं का, छान दिसतंय. आणि ताई लाजली होती.

"तिला तहान किती लागतेय ते बघितलंस का?" शुआन म्हणाली. "सकाळपासून बाटल्यांवर बाटल्या चालल्यात."

"उन्हाळा आहे."

"उन्हाळा आहे, मग पायात लोकरीचे मोजे कशाला?"

बाहेर पुन्हा तुकडे पडल्याचा आवाज आला आणि वेनतुंगचा सुस्कारा त्याच्या मागोमाग.

शुआन बाहेर आली तेव्हा मामा हताश होऊन मांडी घालून बसला होता. तिची आई देवघराच्या उंच मेजाला एका हाताने धरून उभी होती. सकाळपासून ती अशीच कशाला ना कशाला धरून उभी होती. "बसून घे," म्हटलं की "बसले तर उठणार कोण?" म्हणून हसायची.

"मामा, पदार्थांचं विचारू नकोस," शुआन म्हणाली. "माणसांचं विचार. आजोबांना कुणाबद्दल काही म्हणायचंय का, ते विचार."

आमाने मान डोलावली. वेनतुंगने विचारलं, या खोलीतल्या कुणाची काळजी लागलीय का? एक तुकडा उताणा पडला, एक पालथा.

इतक्या वेळात पहिल्यांदाच हो आलं होतं. भूक कुठल्या कुठे पळाली आणि जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. खरं सांगायचं तर आपलं नाव येऊ नये आणि दुसऱ्याचं यावं, अशी प्रत्येकाची इच्छा होती.

आमाने आधी शुआनचं नाव घ्यायला लावलं. सव्वीस संपलं तरी लग्नाचं नाव नाही, दुसरी काळजी कसली असणार? कौल नाही म्हणाला. शुआनने आजोबांच्या फोटोला हात जोडले. वेनतुंगने मग स्वतःचं नाव घेतलं. तेही नाही. त्याच्या खांद्यावरून मणभर ओझं उतरलं आणि नकळत तो हसला. ह्वेइरूचं नाव घेतल्यावर बाबा हसले. यावर आमाही हसली. ह्वेइरूने ते लक्षात ठेवलं. आमाबद्दल विचारलं तर नाही.

"मग राहिलं कोण," बाओयिंग म्हणाली. "टाक बाबा. टाकून मोकळा हो."

हो आलं. एक उताणा, एक पालथा, अगदी शेजारी शेजारी.

इतका वेळ आमा सुनेला टोमणे मारत होती आणि बहीणभाऊ एका बाजूला होते. आता सगळी फळी एका क्षणात फिरली. आमा, वेनतुंग आणि ह्वेइरू तिघेही बाओयिंगकडे वळले आणि तिघांच्याही ओठांवर एकच गोष्ट आली. ती आधी कोण बोलणार एवढाच प्रश्न होता. वेनतुंग बोलला.

"ताई, रागावू नकोस. बाबा असताना पण हेच म्हणायचे."

"बाबा कधीच म्हणाले नाहीत. तुम्ही म्हणायचात."

"बरं, आम्ही म्हणायचो. विचारतो." त्याने तुकडे कपाळाला लावले. "बाबा, ताईच्या वजनाची काळजी आहे का?"

दोन्ही पालथे. नाही.

वेनतुंगला खरं वाटेना. प्रश्न नीट विचारला नाही म्हणून त्याने पुन्हा विचारला, नाव आणि गाव लावून. पुन्हा नाही.

बाओयिंगने मेजावरची बोटं घट्ट केली. किती वर्षांनी कुणीतरी तिच्याबद्दल बोललं होतं आणि वजन सोडून बोललं होतं, तेही मेलेल्या माणसाने. तिला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. फोटोतले बाबा नेहमीसारखे फोटोग्राफरवर वैतागलेले दिसत होते. ती त्यांच्याजवळ दुकानात तीस वर्षं उभी राहिली. मासा साफ करायला त्यांनी शिकवलं, पोटाचा भाग कुठल्या गिऱ्हाइकाला द्यायचा आणि कुठल्याला नाही तेही शिकवलं. ती वाटी भरून स्वतःला घ्यायची तेव्हा ते वाटीकडे कधी बघत नसत. घरातला तेवढा एकच माणूस बघत नसे.

पण मग कसली काळजी, हा प्रश्न राहिलाच होता आणि त्याचं उत्तर तिला एकटीला माहीत होतं. ते तिच्या डाव्या मोज्यात होतं. वसंतात माशांच्या टोपलीची तार अंगठ्याशेजारच्या बोटाला लागली. दिवसभर रबरी बूट, आत पाणी. जखम भरेना. पण दुखत नव्हती, म्हणून तिने ती घाबरण्यासारखी मानली नाही. शिवाय या वसंतापासून वजन आपोआप उतरत होतं. काही न करता, पोटभर जेवून. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं. तिने मनाशी हिशेब बांधला होता, की आणखी थोडं उतरू दे. मग जाऊ, पाय पुढे करू, आणि डॉक्टरला पायाबद्दलच बोलावं लागेल. दुसरं बोलायला काही उरणारच नाही.

"तब्येतीचं काहीतरी आहे," ह्वेइरू हळूच म्हणाली. "ताई, मी सोबत येते. एकदा दाखवून येऊ."

"मला काही झालेलं नाही."

"मग मोजे का घातलेस?" शुआनने विचारलं.

"फरशी गार लागते."

ही गोष्ट चौघांनीही ऐकून सोडून दिली, कारण फरशीवर त्या दिवशी अंडं तळता आलं असतं. वेनतुंग म्हणाला, डॉक्टरकडे जावं की नाही तेच बाबांना विचारू. तो तुकडे उचलणार तोच बाओयिंगने हात पुढे केला.

"दे इकडे. मी विचारते. बाबा हो म्हणाले तर जाईन, आजच्या आज जाईन. नाही म्हणाले तर यापुढे या घरात माझ्यापुढे डॉक्टरचं नाव कुणी काढायचं नाही. कबूल?"

कुणी कबूल म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बाबांचा शब्द या घरात खाली पडत नसे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकदा नाही आलं की संपलं. बाओयिंग हट्टाला पेटली की बैल बरा.

तिने गुडघे टेकले नाहीत. उभ्यानेच डोळे मिटले, ओठ हलले, आणि एवढ्या उंचीवरून तुकडे सोडले. एक तिच्या पुढ्यात पालथा पडला. दुसरा उडाला, मेजाच्या पायाला आपटला आणि घरंगळत लाल कापडाच्या आड, मेजाखाली गेला.

"हात लावू नका," आमा ओरडली. "आधी बघायचं, मग उचलायचं."

शुआन लवचीक आणि जवळ होती. ती पोटावर झोपून कापडाखाली सरकली. आत अंधार होता, उदबत्तीची राख होती आणि अगदी मागे, भिंतीला लागून तुकडा पडला होता. पाठ वर, सपाट बाजू खाली. पालथा. दोन्ही पालथे. नाही.

तिने वळून बघितलं. मेजाच्या पलीकडे, हातभर अंतरावर आईचे पाय होते. वरून राखाडी दिसणारा डावा मोजा पुढच्या बाजूने ओला होता आणि ओलं जिथे संपत होतं तिथे पिवळट कड आली होती. वर उदबत्त्या आणि मासे होते म्हणून कुणाला वास आला नव्हता. इथे खाली तो होता. शुआनला एकदम सगळं जुळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जुळल्याचा आनंद झाला नाही.

"काय पडलंय?" वेनतुंगने वरून विचारलं.

देवघरातल्या कौलाबद्दल खोटं बोलायचं नाही, हे या घरातल्या पोरांना बोलायला येण्याआधी शिकवलेलं असतं. शुआनने तुकडा मुठीत घेतला आणि बाहेर आली. केसांना राख लागली होती.

"उताणा," ती म्हणाली. "हो म्हणाले."

बाओयिंगने तिच्याकडे बघितलं. आई आहे ती, तिला लेकीचा आवाज कळतो. "नीट बघितलंस?"

"बघितलं."

"उचलायच्या आधी दाखवायचं होतंस. मला नाही पटत. पुन्हा टाकते."

"टाकायची गरज नाही," आमा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तो बुटका स्टूल मेजाच्या अगदी समोर होता आणि कापड मेजाच्या त्या बाजूला आखूड होतं. तिथून खालचं सगळं दिसत असणार. आमा आधार न घेता उठली. तिला उठायला वेळ लागला.

"मी बघितलंय इथून. उताणाच होता. तुझ्या बापाने हो म्हटलंय. आता उगाच त्याला पुन्हा पुन्हा विचारून चिडवू नकोस."

नवऱ्याच्या फोटोसमोर आमा साधा पंखासुद्धा त्याची परवानगी घेऊन लावते. शुआनला तिच्याकडे बघवेना. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. एवढं एक खोटं दोघींनी मिळून उचललं होतं आणि ते पुढे कधीही, एकमेकींपाशीसुद्धा, त्यांनी खाली ठेवलं नाही.

"मोजा काढ आता," आमा म्हणाली.

बाओयिंग खुर्चीत बसली. बसल्यावर ती थकलेली दिसली. मोजा निघायला कठीण गेला, तो चिकटला होता. वेनतुंग एकदा बघून खिडकीशी गेला आणि तिथेच उभा राहिला. बोट काळपट झालं होतं आणि पाऊल वर घोट्यापर्यंत सुजून चकचकीत झालं होतं.

ह्वेइरू फरशीवर बसली. दोन्ही हातांनी तिने नणंदेची टाच धरली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण तिने बाओयिंगला हात लावायची ही पहिलीच वेळ असावी.

"दुखतं का?"

"अजिबात नाही. म्हणून तर म्हणते, एवढं काही नाहीये."

ह्वेइरूचे वडील साखरेच्या आजारात गेले होते. पायातली जाणच मेली की दुखत नाही, हे तिला माहीत होतं.

"ताई, तू मला का नाही सांगितलंस?"

"तू काय म्हणाली असतीस?"

ह्वेइरूने ती टाच मांडीवर घेतली.

"बघ. मी कान दाखवायला गेले तरी वजन. घसा दाखवायला गेले तरी वजन. मी किती आहे ते मला माहीत नाही का? रोज माझं मीच उचलते ना? मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा कुणीतरी पाय बघून पायाबद्दल बोलावं." ती हे भांडल्यासारखं बोलली नाही, दुकानात गिऱ्हाइकाला हिशेब समजावून सांगावा तसं बोलली. "आता नाहीतरी उतरतच होतं. अजून थोडं उतरलं असतं की जाणारच होते मी."

ह्वेइरूला सकाळची स्तुती आठवली. तिने मान खाली घातली आणि जखमेवर स्वच्छ पंचा गुंडाळायला लागली.

आमाने वेनतुंगला गाडी काढायला सांगितलं. दवाखान्यात नाही, सरळ ताइनानला मोठ्या रुग्णालयात. ताटं तशीच राहिली. मी बसते याच्यापाशी, आमा नवऱ्याच्या फोटोकडे बघत म्हणाली, माझं याच्याशी बोलणं आहे.

वाटेत बाओयिंग मागच्या सीटवर पाय आडवा ठेवून बसली आणि तळी मागे पडताना बघत राहिली. कुठल्या तळ्यातला मासा यंदा लहान निघाला हे ती सांगत होती. कुणी ऐकत नव्हतं. रुग्णालयाची इमारत दिसल्यावर ती बोलायची थांबली आणि तिने शुआनचं मनगट धरलं.

तातडीच्या विभागात एका तरुण नर्सने पाय बघितला, चाकाची खुर्ची आणली आणि सवयीने भिंतीजवळच्या काट्याकडे बोट केलं. बाओयिंगची मान खाली गेली. खांदे आत ओढले गेले. ट्रकची किल्ली काढून घेणारी बाई एवढीशी होऊन बसली.

ह्वेइरू खुर्ची आणि काट्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आधी पाय बघायचा," ती म्हणाली. ती शाळेत शिकवायची, तिथे चाळीस पोरांना गप्प बसवायचा तो आवाज होता. "काट्यावर उभं करून त्या पायावर भार द्यायचा का? वजन लागलं तर खाटेवर घ्या. आणि लिहून घ्या, वाचू नका."

नर्सने एकदा पायाकडे, एकदा ह्वेइरूकडे बघितलं आणि मान हलवली. तिने खुर्ची सरळ आत ढकलली. बाओयिंगने मान वर करून भावजयीकडे बघितलं. आभार मानायची दोघींनाही सवय नव्हती.

डॉक्टर बाई पस्तिशीची, केस आखूड कापलेले. तिने हाताच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि यंत्रात बघितला. मग स्टूल ओढून पायापाशी बसली. खाली वाकून सगळ्या बाजूंनी बघितलं, बोटांच्या मधून बघितलं, घोट्यावर दोन बोटं ठेवून नाडी चाचपली. बाओयिंग तिच्या तोंडाकडे टक लावून होती. आता सुरू होईल, हे तिच्या सगळ्या अंगाला माहीत होतं. किती खाता, कधी खाता, व्यायाम काय. उत्तरं तिने तीन वर्षांत घोकून ठेवली होती.

डॉक्टरने खिशातून एक दांडी काढली. तिच्या टोकाला ताठ नायलॉनचा धागा होता.

"डोळे मिटा. मी याने पायाला टोचणार आहे, जोरात नाही. कळलं की फक्त हो म्हणा."

बाओयिंगने डोळे मिटले. हात मांडीवर ठेवले, शाळेतल्या मुलीसारखे. ती थांबली. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. थांबली. डॉक्टर तयारी करत असेल, असं तिला वाटलं. बराच वेळ झाला.

"मी तयार आहे," ती म्हणाली. "सुरू करा तुम्ही."

तिने डोळे उघडले. डॉक्टर धागा टोपणात घालत होती. ह्वेइरूने तोंडावर हात धरला होता आणि शुआन आईच्या पायाकडे बघत होती.

"झालं?"

"झालं. दोन्ही पायांचं झालं." डॉक्टर स्टुलावरून उठली नाही, तिथूनच वर बघून बोलली. रक्तात साखर खूप आहे, बरीच वर्षं असावी. वजन उतरत होतं तेही साखरेमुळेच. जंतू हाडापर्यंत गेलेत. ते एक बोट राहील असं वाटत नाही. बाकी पाऊल वाचवायचा प्रयत्न करू, पण त्यासाठी आजच दाखल व्हावं लागेल, घरी जाऊन येते म्हणायला वेळ नाही. तिने हे सगळं सावकाश आणि सरळ सांगितलं. बाओयिंगने ऐकलं आणि पुढचं यायची वाट बघितली. पुढचं येईना.

"आणि वजनाचं?" शेवटी तिनेच विचारलं.

"ते आज नाही," डॉक्टर म्हणाली. "आज फक्त पाय."

कुणीतरी पाय बघून पायाबद्दल बोलावं, एवढंच तर तिला हवं होतं. ते ऐकल्यावर बाओयिंगला कळलं, की पाय इतका बिघडलाय की वजनाचं बोलायलाही आज कुणाला वेळ नाही. तिने चाचपडत हात पुढे केला, ह्वेइरूचा दंड सापडला, तो तिने घट्ट धरला आणि ती रडायला लागली.

"नाही, बोला ना," ती डॉक्टरला म्हणत राहिली. "वजनाचं बोला. मी ऐकते."